विरोधकाचा नंबर

आतार सरांचा फोन आला की मी समजून जायचो, ओळखीतल्या कुणाचा तरी सत्कार ठरला आहे. ते आधी तब्येत विचारायचे, मग पाऊसपाणी, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणायचे, "सर, त्यांच्यावर मनापासून खार खाऊन असलेलं कोण हाय का तुमच्या माहितीत? नंबर असला तर बरं."

हा प्रश्न पोलीस खात्यातल्या कुणी विचारला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण नजीर आतार हे इतिहासाचे प्राध्यापक होते, आणि त्या काळात पोटासाठी मानपत्रं लिहीत होते. लोकांची स्तुती करून ज्याचं घर चालतं त्याला शत्रूचा नंबर कशाला लागतो, हे समजायला मला बराच वेळ लागला. पूर्ण समजलं आहे असं आजही सांगणार नाही. मी राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो. संशय घेण्याचा मला आयुष्यभर पगार मिळाला आणि आता त्याच कामाचं पेन्शन चालू आहे.

विट्याच्या आमच्या कॉलेजात आतार सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, तेही सरकारला आठवण झाली की. सुट्टी लागली की असा माणूस अस्तित्वातच नसतो. प्राध्यापक कक्षात कायम असलेल्यांच्या खुर्च्याही कायम होत्या. आतार सर पाण्याच्या फिल्टरजवळच्या स्टुलावर बसायचे, आणि कुणी पाणी प्यायला आलं की न सांगता उठून बाजूला व्हायचे. किडकिडीत, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय पीत नसत. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गरम असताना सगळेच चहा चांगले लागतात."

वर्गात त्यांची तीन बोटं प्रसिद्ध होती. कुठलंही विधान समोर आलं, मग ते बखरीतलं असो की सकाळच्या पेपरातलं, की ते अंगठ्याला एकेक बोट टेकवत विचारायचे: कोण सांगतंय? त्याला कसं ठाऊक? आणि सांगून त्याचा फायदा काय? इतिहासाच्या अभ्यासात याला मोठी नावं आहेत, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. सरांनी ती सगळी तीन बोटांत बसवली होती. पोरं ही बोटं कँटीनमध्येसुद्धा वापरायची. वडा ताजा आहे असं कँटीनवाल्यानं म्हटलं की टेबलाभोवतीचे सगळे अंगठे कामाला लागायचे.

ते मूळचे म्हसवडचे. वडील बाजारात आणि सिद्धनाथाच्या जत्रेत अत्तर, सुरमा, कुंकू विकायचे. वडिलांबद्दल सर फारसं बोलत नसत, पण त्यांची एक गोष्ट वरचेवर सांगत. गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तर लावताना वडील काडीच्या टोकानं जेमतेम ओलं करायचे. कुणी म्हणालं, लाव की आणखी, पैसे देतोय, तर म्हणायचे, "जास्त लावलं की लोक विचारतात, ह्यो कशाचा वास दडवतोय." मला वाटतं, सरांचं सगळं शिक्षण तिथंच झालं होतं. विद्यापीठानं त्यावर नुसता शिक्का मारला.

ही अत्तराची गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली ती आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांच्या निरोप समारंभात. भाऊसाहेब म्हणजे कारकून. तिरसट म्हणून तालुक्यात ख्याती. समारंभात मात्र वक्त्यामागून वक्ता उठून त्यांना प्रेमळ, हसतमुख आणि संस्थेचा कणा ठरवत होता. भाऊसाहेब खाली मान घालून दुसऱ्याच कुणाचा तरी कार्यक्रम ऐकावा तसे बसले होते. वेळ उरला म्हणून प्राचार्यांनी आतार सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उठले आणि म्हणाले, "भाऊसाहेब माझ्याशी एकदाही हसून बोलले नाहीत. माझ्याशीच काय, कुणाशीच नाही. पण परीक्षेचा अर्ज मुदतीनंतर घेऊन आलेल्या पोराला त्यांनी शिव्या घातल्या आणि अर्ज घेतला. परत पाठवलेला मी एकही पाहिला नाही." एवढं बोलून ते स्टुलावर जाऊन बसले. सभागृहात कुणी टाळी वाजवेना. भाऊसाहेबांनी मात्र मान वर केली. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या कार्यक्रमाला बोलावल्यासारखं दिसलं.

त्यानंतर प्राचार्यांनी आतार सरांच्या हाती माईक दिला नाही.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणत. दर उन्हाळ्यात आतार सर त्यांच्या बंगल्यावर जायचे आणि कायम करण्याचं विचारायचे. आबासाहेब झोपाळ्यावरून म्हणायचे, "पुढच्या जूनला बघू." सर सेट परीक्षा पास होते, शिकवत चांगले होते, पोरं त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातून येऊन बसत. हे सगळं आबासाहेबांना ठाऊक होतं. जून मात्र दरवर्षी तोच यायचा, चालू सालचा. एका वर्षी तर आबासाहेब स्वतः अचानक कॉलेजात आले आणि आमच्या कक्षासमोरच्या सरांच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. आम्ही कायम मंडळींनी कक्षातल्या कायम खुर्च्यांवर बसून निष्कर्ष काढला की तपासणी चालू आहे आणि आतार आता जाणार. ते गेले नाहीत. मग आम्ही तो विषय विसरून गेलो.

शेवटी त्यांना कुणी काढलं नाही, विद्यार्थ्यांनीच काढलं. इतिहास घेणारी पोरं कमी होत गेली आणि एका वर्षी विशेष पेपरचा वर्गच भरला नाही. तास नाहीत म्हणजे तासिका नाही. स्टूल तिथंच राहिलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडे येऊन, माझ्या लॅपटॉपवर, एक फुकटचं ऑनलाइन मार्गदर्शन ऐकलं. विषय होता, कला शाखेच्या पदवीतून घरबसल्या उत्पन्न. मार्गदर्शक कोट घातलेला एक तरुण. त्याच्यामागे पुस्तकांची भिंत होती आणि ती भिंत त्यानं हात हलवला की थरथरायची. तुमची पदवी ही सोन्याची खाण आहे, असं तो दर थोड्या वेळानं सांगत होता आणि खाणीचा नकाशा पुढच्या, पैसे भरून करायच्या कोर्समध्ये आहे असंही सांगत होता. सरांनी बाजूच्या चौकटीत अगदी अदबीनं लिहिलं, "आपण स्वतः कोणत्या विषयातून कमावता, की हे शिकवण्यातूनच?" पडदा काळा झाला. आम्हाला बाहेर काढण्यात आलं होतं.

मी पोटभर हसलो. सर हसले नाहीत. त्यांचा चहा गार झाला होता, तो त्यांनी शांतपणे संपवला. म्हणाले, "माणूस खोटा हाय, सर. मुद्दा खोटा न्हाई. दोन्ही वेगळं करून बघाय पायजे."

मुद्दा आला कोइमतूरहून. आमच्या भागातले लोक देशभर गलाईच्या धंद्यात आहेत. सराफांकडचं जुनं सोनं, मोड, दुकानातली झाडलोटसुद्धा भट्टीत आणि तेजाबात घालून शुद्ध सोनं काढून द्यायचं, हे त्यांचं काम. सचिन हा अशाच घरातला, सरांचा जुना विद्यार्थी. तिथल्या आपल्या मंडळानं त्याच्या वडिलांचा, आण्णांचा सत्कार ठरवला होता आणि मानपत्र लिहायला माणूस हवा होता. त्यानं नमुना म्हणून आधीची काही मानपत्रं मोबाईलवर पाठवली. सरांनी ती मला दाखवली. सगळ्यांत दानशूर, निगर्वी, समाजभूषण आणि आधारवड. नावं झाकली तर एकाचं मानपत्र दुसऱ्याला देता आलं असतं आणि कुणालाही कळलं नसतं, ज्याला दिलं त्यालासुद्धा.

सरांनी सचिनला सांगितलं, लिहितो, पण आण्णांशी ज्याचं पटत नाही अशा एकाचा नंबर दे. सचिन गडबडला. आमच्या आण्णांना वाईट म्हणणारा कोण असणार, वगैरे झालं. सर ऐकेनात. शेवटी त्यानं चुलत चुलते, तात्या, यांचा नंबर दिला. त्यांची भट्टी त्याच गल्लीत होती आणि दोन घरांत येणंजाणं बंद होतं. सरांनी तात्यांना फोन लावला. तात्यांनी आण्णांना मनसोक्त शिव्या दिल्या, सरांना दिल्या, मानपत्र नावाच्या प्रकाराला दिल्या. सर ऐकत राहिले. आणि मग, सर सांगत, तात्या दमले आणि म्हणाले, "माझ्या हातावर तेजाब सांडलं तवा हात बरा हुईस्तवर माझी भट्टी त्यानंच चालवली. एक गिऱ्हाईक फोडलं न्हाई. पर माणूस हलकटच."

सरांनी विचारलं, तुमच्या नावानिशी घालू का? तात्या म्हणाले, "घाला. हलकट बी घाला."

मानपत्र तसं वाचलं गेलं. सचिननं नंतर सांगितलं की 'हलकट' ऐकून मंडळाचे अध्यक्ष उठायच्या बेतात होते, पण आण्णाच आधी हसले आणि मग डोळे पुसत बसले. दुसऱ्या दिवशी ते गल्लीतून चालत तात्यांच्या भट्टीवर गेले. हे सचिन सांगतो. सचिन आण्णांचा मुलगा आहे, हे मी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं.

पण मागणी सुरू झाली हे नाकारता येणार नाही. लुधियाना, मदुराई, पाटणा, जिथं जिथं आपल्या भट्ट्या होत्या तिथून फोन यायला लागले: विट्याचं ते शिवीवालं मानपत्र पाहिजे. सरांच्या मुलीनं इंटरनेटवर एक पान तयार करून दिलं. त्यावर एवढंच होतं: मानपत्र लिहून मिळेल, अट, एका विरोधकाचा नंबर. निवृत्तीची, साठीची, पंचाहत्तरीची कामं यायला लागली. पैसे मोबाईलवर आणि आगाऊ. तासिकेच्या मानानं हा चमत्कारच होता.

मी त्यांना विचारलं, हल्ली तर मोबाईलला सांगितलं की मोबाईलच मानपत्र लिहून देतो, फुकट. मग लोक तुमच्याकडे का येतात? सर म्हणाले, "लिहितोय की, लय चांगलं लिहितोय. सगळी बाटलीच ओततोय अंगावर. पर त्यानं आजवर कुणाच्या विरोधकाचा नंबर मागितलेला न्हाई."

उत्तर चटकदार होतं, म्हणून मला जास्तच संशय आला. माझा संशय साधा होता: हे विरोधक खरे असतात कशावरून? साक्ष मिळाली नाही की साक्षीदार तयार करण्याचा मोह इतिहासकारांना पूर्वीपासून आहे. शत्रूनं अनिच्छेनं कबूल केलेलं एक वाक्य, ही कल्पना एकदा सुचली की अशी वाक्यं आतार सरांसारखा माणूस स्टुलावर बसल्याबसल्या लिहू शकला असता. मी एकही फोन माझ्या कानांनी ऐकला नव्हता. ते भाड्यानं राहत त्या आळीतल्या लोकांनी ऐकले होते. पण त्यांचा निष्कर्ष वेगळा होता. संध्याकाळी सर गच्चीवर उभे असतात आणि फोनमधून अनोळखी माणसं त्यांना शिव्या देतात, यावरून आळीनं ठरवलं होतं की मास्तरांनी मोबाईलवरून कर्ज काढलंय आणि वसुलीवाले मागे लागलेत. शेजारच्या एका सद्गृहस्थानं तर चार लोकांत त्यांची समजूत काढली. हा पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडत होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

मी शंका तोंडावर बोलून दाखवली तेव्हा सर रागावले नाहीत. उलट त्यांनी त्यांची अडचण सांगितली. आता लोकच खोटे विरोधक द्यायला लागले होते. मेहुण्याला पढवून ठेवायचं, आणि मेहुण्यानं फोनवर सांगायचं की साहेबांचा एकच दोष, ते स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष देत नाहीत.

"मग ओळखता कसं?"

"खोटा विरोधक पहिल्या रिंगला फोन उचलतो," सर म्हणाले.

असं सगळं चाललेलं असताना आबासाहेबांची पंचाहत्तरी आली. प्राचार्य पेढे घेऊन आतार सरांच्या घरी गेले. हे प्राचार्य आयुष्यात पहिल्यांदाच त्या आळीत गेले होते आणि तिथून परत कसं निघायचं हे त्यांना विचारावं लागलं. निरोप असा होता: मानपत्र आपल्याच माणसानं लिहावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. इतिहासाची मंजूर जागा भरायची परवानगी आली आहे. आणि आबासाहेबांना जुनी माणसं विसरायची सवय नाही. तिन्ही वाक्यं त्यांनी वेगवेगळी उच्चारली, पण एकाच श्वासात.

ज्या जागेसाठी सर इतके जून थांबले होते, ती जागा पेढ्यांच्या पुड्याशेजारी ठेवलेली होती.

सरांनी अट सांगितली. प्राचार्य हसून म्हणाले, या वेळेस विरोधक मीच होतो; लिहून घ्या, आबासाहेब अजिबात विश्रांती घेत नाहीत. सरांनी ते लिहून घेतलं नाही. पुढं आठवडाभर त्यांनी तालुका पालथा घातला. निवडणुकीत पडलेले, कारखान्यात डावललेले, संस्थेतून बाहेर पडलेले, सगळ्यांना फोन झाले. सगळ्यांनी पहिल्या रिंगला उचलला. सगळे म्हणाले, देवमाणूस. पंचाहत्तरीला पोचलेल्या, नातवाला राजकारणात उतरवलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे दुसरं काही म्हणत नाहीत.

शेवटी सरांनी सरळ आबासाहेबांनाच फोन लावला आणि विरोधकाचा नंबर मागितला. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता, असं सर सांगत. मग आबासाहेब म्हणाले, "तूच हायस की रं, आतार. दुसरा कशाला हुडकतोस?"

मला हे कळलं ते सरांच्या पत्नी हसीनाभाभींकडून. भाभी घरी शिलाई करायच्या. त्यांनी फोन करून मला बोलावून घेतलं, कारण सरांनी जागेला अर्ज करणार नाही असं प्राचार्यांना कळवून टाकलं होतं. मी गेलो तेव्हा सर चहा गार व्हायची वाट बघत होते आणि शिलाई मशीन जरुरीपेक्षा जोरात चालू होतं.

भाभींनी मशीन थांबवलं. "सर, यांना विरोधकाचा नंबर लागतोय नव्हं? माझा द्या. लय सांगण्यासारखं हाय."

मी सरांना म्हणालो, यात डाव आहे. आबासाहेबांनी आयुष्यभर हेच केलं. विरोधकाला बोलावून त्यालाच न्यायाधीश करायचं, म्हणजे तो लाजेखातर बरं बोलतो.

"असंल डाव," सर म्हणाले. "पर त्यांनी सांगितलेलं खरं हाय. मीच विरोधक हाय. आणि मला एक गोष्ट ठाऊक हाय त्यांची. चांगली." मग त्यांनी अंगठ्याला पहिलं बोट टेकवलं. "कोण सांगतंय? मी." दुसरं टेकवलं. "कसं ठाऊक? डोळ्यांनी बघितलं." तिसरं बोट त्यांनी टेकवलंच नाही, तसंच धरून ठेवलं. "सांगून फायदा काय? तर कायमची नोकरी. मग ती साक्ष मी दुसऱ्या कुणाची घेतली असती का?"

"म्हणजे त्यांच्याबद्दल चांगलं लिहिता यावं म्हणून तुम्ही नोकरी सोडताय?"

"खरं लिहिता यावं म्हणून."

भाभी म्हणाल्या, ज्यानं इतकी वर्षं झुलवलं त्याच्यासाठी. आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अहो, लिहा आणि जागाही घ्या. कोण बघायला बसलंय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत टोमणा नव्हता. "तुमी बघताय की, सर. इतकी वर्षं."

मी चहा घेतला आणि निघालो.

पंचाहत्तरीच्या सोहळ्याला मी मुद्दाम पुढं बसलो. व्यासपीठावर फेट्यांची इतकी दाटी होती की माणसं शोधावी लागत होती. चांदीची गदा होती, तिचं पुढं ते काय करणार हे कुणी सांगितलं नाही. भाषणांत आबासाहेब वटवृक्ष झाले, दीपस्तंभ झाले, सूर्यही झाले. आतार सर मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मानपत्र प्राचार्य वाचत होते. मजकूर साधा होता: कुठल्या गावात आधी शाळा काढली, कुठली काढायची राहिली. मग प्राचार्यांचा आवाज एकदम खाली गेला आणि त्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी बोटानं खूण केली, वाच.

मी ते नंतर मागून घेतलं, म्हणून शब्दशः देतो.

"या संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवलेल्या एका माणसाची साक्ष. कायम करण्याविषयी विचारले की आबासाहेब म्हणत, पुढच्या जूनला बघू. तो जून आला नाही. परंतु हा माणूस आमच्या मुलांना आमचा इतिहास कसा शिकवतो, असे विचारायला काही मंडळी त्यांच्याकडे गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आबासाहेब त्याच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. तास संपेपर्यंत बसले आणि काही न बोलता गेले. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. साक्षीदार सध्या संस्थेच्या नोकरीत नाही आणि पुढेही असणार नाही."

आबासाहेबांनी माईक मागून घेतला. त्यांचा फेटा कपाळावर सरकला होता, तो त्यांनी वर केला.

"जूनचं खरं हाय," ते म्हणाले. "बाकाचं मला आठवत न्हाई."

आणि बसले. लोकांना हसायचं की नाही हे कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आजही त्या वाक्यावर विचार करतो. तो विनय होता, विसर होता, की नातवाच्या प्रचाराला ती मंडळी पुढं लागणार होती म्हणून राखलेली सोय होती? आबासाहेबांच्या बाबतीत तिन्ही एकाच वेळी असू शकत होतं.

बाहेर पडताना सरांनी मला गाठलं. "सर, तुमी त्या दिवशी कक्षात होता नव्हं? बघितलं होतं ना त्यांना बाकावर?"

होतो, म्हणालो. पण आम्हाला वाटलं होतं की तुमची तपासणी चाललीय.

"वाटलेलं सोडा. बघितलं ना? मग एकाच्या दोन साक्षी झाल्या."

मी विचारलं, ती मंडळी आबासाहेबांकडे गेल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? हा प्रश्न त्यांना आवडला. "त्यातल्याच एकानं. पुढं त्याच्या वडलांचं मानपत्र मीच लिहिलं. विरोधक म्हणून त्यानं स्वतःचाच नंबर दिला हुता."

जागा त्याच जूनमध्ये भरली गेली. मुलाखतीच्या आधीच आम्हाला नाव ठाऊक होतं. आणि हेही सांगितलं पाहिजे की त्या सोहळ्याची चित्रफीत मोबाईलवर गावोगाव फिरली आणि सरांकडची कामं कितीतरी वाढली. नोकरी नाकारणारा मानपत्रकार, अशी त्यांची ख्याती झाली. मी त्यांना फोन करून म्हणालो, सर, तिसरं बोट. नोकरी सोडण्यात फायदा नव्हता असं आता म्हणता येत नाही. हे तुम्हाला आधी दिसलं नसेल कशावरून?

सर म्हणाले, "बरोबर हाय. मलाबी इचार आला तो. संशय सोडू नका, सर. तुमी सोडला तर मला दुसरं कोण न्हाई."

पुढं मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि सर आणि भाभी विट्यातलं भाड्याचं घर सोडून म्हसवडला वडिलांच्या घरी राहायला गेले. काम फोनवरचंच, कुठूनही होत होतं. फोन येत राहिले. मग मला ऐकू कमी यायला लागलं आणि ते निरोप पाठवायला लागले. दर निरोपात कुणाचं तरी नाव आणि खाली तोच प्रश्न.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते म्हसवडच्या बाजारात. एका लग्नाला गेलो होतो आणि जेवणाला अवकाश होता. बाजाराचा दिवस होता. सिद्धनाथाच्या देवळाकडच्या रस्त्याला, बांगड्यांच्या आणि कुंकवाच्या पालांच्या कडेला सर उभे होते. पांढरा शर्ट, कापडी पिशवी, कानापासून वीतभर लांब धरलेला फोन. फोनमधून एक माणूस शिव्या देत होता. मला ऐकू कमी येतं, तरी ऐकू येत होतं. कुणाच्या तरी बापापासून सुरुवात करून तो बांधापर्यंत, बांधावरून विहिरीपर्यंत आला होता. कुंकू विकणारी बाई मान वर न करता हसत होती. तिला सवय झालेली दिसत होती. तिच्या पालाच्या कोपऱ्यावर सरांचा चहा ठेवलेला होता. वर साय धरली होती.

सरांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. मी जवळ जाऊन काहीतरी म्हणणार तेवढ्यात त्यांनी मोकळा हात वर करून मला थांबवलं.

फोनमधला आवाज उतरत गेला. माणूस दमला होता. मग तो नुसता श्वास घेत राहिला. सरांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, आणि बाजाराच्या त्या गलक्यात अगदी हळू म्हणाले, "बोला, बोला. मी हाय."